दोन तळ्यांमधलं कॉलेज आणि मोठ्या रस्त्यावरचं विद्यापीठ

नागपूरहून हावड्याच्या दिशेनं निघालेली गाडी गोंदिया मागे टाकते, दरेकसाचा बोगदा ओलांडते आणि थोड्या वेळानं डोंगरगडच्या टेकडीवरचं बम्लेश्वरीचं देऊळ दिसू लागतं. डब्यातली अर्धी माणसं बसल्या जागी हात जोडतात. मीही जोडते आणि लगेच पिशव्या आवरायला घेते. पुढे राजनांदगाव, म्हणजे माझं माहेर. आम्ही घरात नुसतं 'नांदगाव' म्हणतो. (मनमाडजवळचं नांदगाव निराळं बरं का! आमच्याकडची पत्रं पूर्वी तिकडे फिरून यायची.)

गेल्या जूनमध्ये मी गेले ती मात्र माहेरपणाला नव्हे. दादाचा फोन आला होता, "तू ये आणि तुझ्या भाचीला समजाव." तासाभरानं भाचीचा फोन, "आत्या, तू ये आणि बाबांना समजाव."

प्रकरण असं होतं. भाचीनं इतिहास घेऊन बी.ए. केलं, तेही गावातल्याच दिग्विजय कॉलेजात. आता एम.ए. करायचं. दादाचं म्हणणं, एम.ए.ही तिथंच होतं, घरून स्कूटीनं दहा मिनिटं, मग सत्तर किलोमीटरवर रायपूरला जायचं कशाला? भाचीला रायपूरचं पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ हवं होतं. वहिनी दोघांच्या मधे. तिच्या गुडघ्यांनी अलीकडे दगा दिलाय. लेक घरात असली तर चार कामं हलकी होतात, पण हे ती तोंडानं म्हणणार नव्हती.

मी स्वतः दिग्विजयची. तेव्हा मी दादाची बाजू घेईन, असं त्यानं धरलेलंच होतं. आणि खरं सांगायचं तर माझा जीव आहेच त्या वास्तूवर! राणीसागर आणि बूढासागर या दोन तळ्यांच्या मधे नांदगावच्या राजांचा वाडा. नागपूरकर भोसल्यांच्या काळात पंजाबातून शाली विकायला आलेल्या बैराग्यांचं हे घराणं. त्यांच्यातल्या राजा दिग्विजयदासांनी वाडा दिला आणि 1957 साली तिथं कॉलेज उभं राहिलं. उंच छताच्या दालनात आमचे तास व्हायचे. पावसाळ्यात खिडकीबाहेर पाणीच पाणी. कोणी तासाला डोळे मिटलेच, तर सर म्हणायचे, "पोहून आलात वाटतं!"

याच वाड्याच्या एका भागात गजानन माधव मुक्तिबोध राहत. घरी मराठी बोलणारा आणि हिंदीत कविता लिहिणारा हा माणूस 1958 पासून इथं शिकवत होता. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी, ते आपल्या वाचकांना ठाऊक असतीलच. वाड्यातला तो चक्राकार जिना आजही लोक मुद्दाम पाहायला येतात. मुक्तिबोध गेले 1964 च्या सप्टेंबरात. त्याच वर्षी रायपूरचं विद्यापीठ सुरू झालं.

लहान गावातल्या अशा कॉलेजाचं मोठं सुख म्हणजे तिथं तुम्हाला कोणीतरी ओळखतं. मी दोन दिवस दिसले नाही, तर सर बाजारात वडिलांना विचारायचे, "मुलगी बरी आहे ना?" वडील बी.एन.सी. मिलमध्ये. फी भरायला उशीर झाला तर का झाला, हे सांगावं लागत नसे. मिलचा भोंगा वाजला नाही की सगळ्या गावाला कळायचं.

हे सगळं दादानं मलाच ऐकवलं. वर म्हणाला, "तूही इथंच शिकलीस ना? तुझं काय अडलं?"

काही अडलं नाही. पण बी.ए. झाल्यावर माझ्याही मनात रायपूर होतं. कोणी नाही म्हटलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. तेवढ्या वर्षांत ही गोष्ट मी दादाला प्रथमच सांगितली. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "बरं, उद्या जाऊन बघून तर येऊ."

सकाळच्या लोकलनं आम्ही तिघं निघालो. दुर्ग, भिलाईची धुराडी, कुम्हारी करत गाडी पुढे सरकते आणि रायपूरच्या अलीकडे एक लहानसं स्टेशन लागतं, त्याचं नाव सरस्वती नगर. आमच्या डब्यातली पाठीवर पिशव्या लावलेली पोरं तिथं भराभर उतरली. त्यांच्या मागोमाग आम्हीही.

तिथून जी.ई. रोड गाठला की रायपूरच्या शिक्षणाचा सगळा पसारा एका रस्त्यावर भेटतो. संस्थानिकांच्या मुलांसाठी जबलपूरला निघालेलं आणि 1894 मध्ये इथं आलेलं राजकुमार कॉलेज, जे प्रत्यक्षात शाळा आहे. 1948 चं सायन्स कॉलेज. खाणकाम आणि धातुशास्त्रासाठी 1956 मध्ये स्थापन झालेलं सरकारी कॉलेज, जे 2005 पासून एन.आय.टी. झालं. पुढे आमानाक्याकडे विद्यापीठ आणि टाटीबंधला एम्स. त्याआधीच्या पिढ्यांना हे काहीच नव्हतं. 1938 मध्ये रायपुरात छत्तीसगड कॉलेज निघेपर्यंत इथल्या मुलांना पदवीसाठी नागपूर नाहीतर जबलपूर गाठावं लागे. आमच्या आजोबांच्या वेळी घरात जी वादावादी झाली असेल, ती नागपूरवरून!

नव्या रायपूरकडेही आता विधी विद्यापीठ, आय.आय.एम., ट्रिपल आयटी अशी मोठी आवारं आहेत, पण ती हॉस्टेलात राहून शिकायची. भाचीचा त्यांच्याशी संबंध नव्हता, म्हणून आम्ही गेलो नाही.

विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरलो आणि दादाचा पहिला प्रश्न, "एवढ्या रानात ही एकटी फिरणार?" आवार खरोखर मोठं. इथं विभागांना 'अध्ययनशाला' म्हणतात, आणि प्रत्येक अध्ययनशाला दुसरीपासून लांब. इतिहासाची निराळी, प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्वाची निराळी. पंडित सुंदरलाल शर्मा ग्रंथालयासमोर आम्ही थोडे टेकलो. मुलं-मुली जात-येत होती. कोणी आमच्याकडे वळून पाहिलं नाही, 'कोण पाहिजे' विचारलं नाही. नांदगावात एव्हाना तिघांनी विचारलं असतं. दादाला ते खटकलं. भाचीला मात्र तेच आवडलं असावं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्याच रस्त्यावर नालंदा परिसर म्हणून 2018 पासून वाचनालय आहे, चोवीस तास उघडं. भर दुपारी खुर्च्या भरलेल्या. दादा म्हणाला, "रात्रीसुद्धा?" मी म्हटलं, "रात्रीसुद्धा." तो घाम पुसायला लागला.

एवढ्यावर आम्ही परतलो असतो, तर निकाल दादाच्या बाजूनं लागला असता. पण भाची म्हणाली, "आता म्युझियम." रिक्षा करून घडी चौकाकडे गेलो. महंत घासीदास स्मारक संग्रहालय, 1875 चं. दारातली पाटी वाचून दादा थबकला. महंत घासीदास म्हणजे आमच्याच नांदगावचे राजे! नवी इमारतही पुढे 1953 मध्ये राणी ज्योतिदेवी आणि दिग्विजयदासांच्या देणगीतून झाली. चार वर्षांनी ज्यांच्या नावानं कॉलेज निघालं, तेच दिग्विजयदास. दादा जन्मभर नांदगावात राहिला, शेकडो वेळा रायपूरला आला, पण ही पाटी त्यानं कधी वाचली नव्हती.

आत सिरपूरच्या कांस्यमूर्ती आहेत, ताम्रपट आहेत. भाची मात्र आम्हाला एका लाकडी खांबापाशी घेऊन गेली. किरारी गावच्या तळ्यात 1921 साली, पाणी आटल्यावर हा खांब सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत सातवाहन काळातल्या अधिकाऱ्यांचे हुद्दे कोरलेले. शेकडो वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड उन्हात वाळू लागलं आणि अक्षरांच्या खपल्या गळू लागल्या. गावातल्या एका पंडितानं दिसतील तशी अक्षरं कागदावर उतरवून घेतली. त्याला ती वाचता येत नव्हती, तरी उतरवली. आज त्या लेखातलं बरंचसं आपल्याला ठाऊक आहे ते त्या कागदामुळे.

"बाबा, हे मी पुस्तकात वाचलं होतं," ती म्हणाली. "नांदगावात वाचलं. आमच्या मॅडमनीच सांगितलं."

बारावीनंतरचा प्रश्न असता, तर मी डोळे मिटून नांदगाव म्हटलं असतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला नावानं हाक मारणारे शिक्षक हवेतच, आणि ते वाड्यातल्या कॉलेजात मिळतात. पण ती तीन वर्षं तिला मिळून झाली होती. आता तिला खांब पाहायचा होता, ब्राह्मी शिकायची होती, सिरपूरला जायचं होतं आणि आपल्याशी वाद घालणारी चार अनोळखी मुलं हवी होती. यातलं थोडंच आम्ही घरी देऊ शकत होतो. हे मी दादाला संग्रहालयाच्या आवारातल्या गढकलेव्यात, चिला आणि फरा खाताना सांगितलं. त्यानं पैशांचं काढलं. हॉस्टेल, मेस, जाणं-येणं. ते खोटं नव्हतं. मिल 2002 मध्ये बंद पडली आणि तेव्हापासून दादा किराणा दुकान चालवतोय. मी म्हटलं, मेसचं मी पाहते. तो म्हणाला, "बहिणीकडून घेणार नाही." मी म्हटलं, "तुला कोण देतंय? भाचीला देतेय." यावर त्याला बोलता येईना.

वहिनीचा प्रश्न उरलाच. तो रात्री सुटला, तोही पुरता नाही. पहिले काही महिने अपडाउन करायचं, दिवाळीनंतर हॉस्टेलचं बघायचं, असं भाचीनंच सुचवलं. वहिनी म्हणाली, "रोज चार तास गाडीत घालवून अभ्यास कधी करशील? माझ्या गुडघ्यांसाठी तू थांबू नकोस." मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी आवरत राहिली.

दुसऱ्या दिवशी मला सोडायला दादा स्टेशनवर आला. माझी गाडी यायला अवकाश होता. तो चौकशीच्या खिडकीपाशी गेला, खिशातून दुकानाची लहान वही काढली आणि सरस्वती नगरला थांबणाऱ्या सगळ्या लोकलच्या वेळा उतरवून घेऊ लागला. आधी जाण्याच्या, मग परतीच्या. शेवटच्या परतीच्या गाडीखाली त्यानं दोन रेघा ओढल्या.