स्टेपनीच्या खड्ड्यातला खर्ज

रत्नागिरीत गाडीची डिकी फार काळ रिकामी राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या, गणपतीत चाकरमान्यांच्या बॅगा, एरवी नारळाची पोती. त्यात बारा इंची सबवूफरचं भलंमोठं खोकं ठेवायचं म्हटलं की पहिला विरोध घरातूनच होतो. मग हौशी माणूस डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीचा खड्डा न्याहाळू लागतो.

हिशेब मोहात पाडणारा आहे. 165/80 आर 14 मापाच्या टायरचा व्यास 62 सेंटिमीटर, रुंदी साडेसोळा. चाक उचललं की जवळपास 50 लिटरची पोकळी हाती लागते. दहा इंची सबवूफरला बंद पेटीत 15 ते 25 लिटर हवा सहसा पुरते. कोपऱ्यात अॅम्प्लिफायरही मावतो.

या कामात मुख्य माल म्हणजे हवा. 1954 च्या सुमारास अमेरिकेत एडगर विल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखं राबवलं, आणि कपाटाएवढे स्पीकर पुस्तकांच्या फळीवर येऊन बसले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकर आणि पेटी यांचं नातं आकड्यांत मांडलं. हेच आकडे आज सबवूफरच्या माहितीपत्रकात छापलेले असतात, आणि बहुतेक जण ते न वाचताच करवत हातात घेतात. पेटी लहान पडली की हवा ताठर होते. खोल खर्ज हरवतो आणि एकाच सुरावर धुमधुमाट चालतो.

गाडी मात्र मदतीला येते. 40 हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे केबिनपेक्षा कितीतरी मोठी. त्यामुळे आतली सगळी हवा एकदमच दाबली-सोडली जाते. शिमग्यात ढोलाशेजारी उभं राहिल्यावर छातीत जे होतं, ते लहानशा पेटीतूनही थोडंफार मिळतं.

खड्डा गोल, त्याचा तळ उतरता. प्लायच्या सरळ फळ्या तिथे निम्मी जागा खातात. एमडीएफचं तर कोकणच्या पावसाशी वैरच. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे त्याच्या उघड्या कडा फुगणारच. म्हणून फायबर. मिरकरवाडा बंदरातल्या फायबरच्या होड्या ज्या मालाच्या, तोच माल इथे लागतो : काचतंतूंची मॅट, रेझिन आणि हार्डनर. खड्ड्याला आधी मास्किंग टेप, त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल, मग मॅट आणि ब्रशने रेझिन. बुडबुडे रोलरने दाबून काढायचे. दोन थर घट्ट झाले की कवच उपसून बाहेर काढायचं आणि पुढचे थर अंगणात चढवायचे, कारण रेझिनचा वास गाडीत कोंडला की डोकं धरतं. दमट हवेत रेझिन चिकट राहतं; भर उन्हात हार्डनर जास्त पडला तर ते डब्यातच तापून गोळा होतं. तेव्हा हे काम दिवाळीनंतरचं. कवच झाल्यावर लिटरच्या बाटलीने पाणी ओतून आतलं माप घ्यावं. सूत्रांपेक्षा हे बरं. वर 18 मिलिमीटरची फळी, तिच्यात सबवूफर, सांधे हवाबंद.

पेटी पत्र्याला कायमची चिकटवणं हा शुद्ध आडमुठेपणा. टेललाइटच्या रबरातून झिरपलेलं पाणी याच खड्ड्यात साचतं. पेटी उचलता आली नाही तर खालचा पत्रा कधी गंजला ते कळतही नाही. सबवूफरवरची जाळीही भक्कम हवी आणि त्याच्या कोनपासून अंतर राखून हवी, नाहीतर आंब्याची पहिलीच पेटी कोनवर बसते.

राहता राहिली स्टेपनी. 2020 च्या नियमदुरुस्तीने ट्यूबलेस टायर, टायरमधल्या हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांना तिच्यातून सूट दिली. पण पंक्चरचा संच भोकं बुजवतो, फाटलेली कड नाही. आणि कोल्हापूरच्या वाटेवर आंबा घाटात रात्री कड फाटली तर खर्ज कितीही सुरेल असो, गाडी जागची हलत नाही. ज्यांना घाट नेहमीचाच आहे त्यांनी जेबीएलच्या बासप्रो हबसारखा, स्टेपनीच्या रिममध्येच बसणारा सबवूफर पाहावा. त्याला रेझिन लागत नाही आणि चाकही जागेवर राहतं. फक्त स्टेपनी काढायच्या वेळी आधी तो उचलावा लागतो.