पॅरिस सोडून स्ट्रासबर्ग?

गेल्या सप्टेंबरात आईला घेऊन जर्मनीत कार्ल्सरुहेला भाच्याकडे गेले होते. परतण्याआधी दोन दिवस मोकळे होते. भाचा म्हणाला, "मावशी, पॅरिसला जा. आयफेल टॉवर न बघता परत गेलीस तर बेळगावात काय सांगशील?" मला मात्र रेल्वेने पाऊण तासावरचं, फ्रान्सच्या हद्दीतलं स्ट्रासबर्ग बघायचं होतं. आईचे गुडघे पॅरिसला झेपले नसते, हे एक कारण. दुसरं म्हणजे, सीमेवरचं गाव म्हटलं की आपले कान टवकारतातच!

भाच्याने हार मानली आणि तिकिटं काढली.

या गावाची गोष्टच तशी आहे. १८७०च्या सुरुवातीला इथे जन्मलेलं मूल फ्रेंच. १८७१मध्ये ते जर्मन झालं, पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा फ्रेंच, १९४०मध्ये हिटलरच्या अमलाखाली आणि १९४४च्या नोव्हेंबरात परत फ्रेंच. गाडीत मी हे सांगितलं तर आई म्हणाली, "मीसुद्धा घर न बदलता मुंबई, म्हैसूर आणि कर्नाटक अशा तीन राज्यांत राहिले की!" खरंच आहे. पण आपल्याकडे राज्य बदललं, देश नाही. इथल्या तरुणांना तर १९४२पासून सक्तीने जर्मन सैन्यात भरती केलं होतं.

लाल दगडाचं कॅथेड्रल बघून मान दुखते. १४२ मीटर उंचीचं हे मंदिर दोनशेहून अधिक वर्षं जगातली सर्वांत उंच इमारत होतं. आतलं खगोलीय घड्याळ दुपारी साडेबाराला बघायचं असतं. गर्दी फार, लवकर जा. 'पेतीत फ्रान्स'मधली लाकडी चौकटींची घरं फोटोत दिसतात तशीच आहेत, पण तिथे तासभर पुरे. जुन्या भागात रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच आणि अल्सेशियन अशा दोन भाषांत आहेत. पाट्यांचं महत्त्व बेळगावकरांना वेगळं सांगायला नको.

जेवायला इथली फ्लामकुश मागवली. पातळ पोळीवर क्रीम आणि कांदा. त्यावर डुकराचं मांस असतं, म्हणून शाकाहाऱ्यांनी मांसाशिवायची मागावी.

मी ज्यासाठी पुन्हा जाईन ते मात्र रिपब्लिक चौकातलं १९३६चं स्मारक. एका आईच्या मांडीशी तिचे दोन मरणारे मुलगे, एक फ्रान्सच्या बाजूने लढलेला, एक जर्मनीच्या. अंगावर गणवेश नाहीत. खाली एवढंच लिहिलंय, 'आमच्या मृतांना'. कुठल्या देशासाठी मेले, ते लिहिलेलं नाही. लिहिणार तरी काय! आई बराच वेळ बाकावर बसून बघत राहिली. "दोन्ही पोरं तिचीच," एवढंच म्हणाली.

तेव्हा जावं का? डिसेंबरच्या नाताळ बाजारात हॉटेलं महाग आणि गर्दी प्रचंड, तेव्हा नको. एरवी एक दिवस आणि एक रात्र ठेवा. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, तरी पासपोर्ट जवळ असू द्या. ट्राम २०१७पासून थेट ऱ्हाईनपलीकडच्या जर्मन केहल गावात जाते, पण जमलं तर २००४चा पादचारी पूल चालत ओलांडा.

आम्ही संध्याकाळी तिथे होतो. पुलाच्या मध्यावर बसायला जागा आहे. आई टेकली आणि भाच्याला विचारलं, "सीमा नेमकी कुठं रे?"

त्याने मोबाईल बघितला. "आजी, इथंच कुठंतरी."

"मग बसू या थोडा वेळ," आई म्हणाली.