नाताळच्या सुट्टीत देऊळघाट

मुलांस आजोळी न्यावयाचे ते कोणत्या दिवसांत, ह्या प्रश्नास आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या एकच उत्तर ठाऊक होते. परीक्षा आटोपल्या, आंबे उतरू लागले, की मुलांची पडशी बांधावयाची. परंतु ज्यांच्या लेकी परदेशी नांदत आहेत अशा घरांत आता आजोळ मार्गशीर्ष-पौषात भरू लागले आहे. अमेरिकेतील शाळांस नाताळची सुट्टी मिळते ती दीड-दोन आठवड्यांची, आणि वऱ्हाडातील वैशाख तिकडच्या मुलांस सोसत नाही. गेल्या डिसेंबरात आमची कन्या न्यू जर्सीहून आपल्या दोन मुलांसह व चिरंजीव पुण्याहून आपल्या पाच वर्षांच्या मुलासह, असे सर्व देऊळघाटास आले होते. त्या आठ दिवसांची ही हकीकत आहे. तीत आमची फजिती आहे, व ती मुद्दामच सांगत आहोत.

त्या देशात प्रवासाचा हंगाम नोव्हेंबरापासूनच सुरू होतो. नोव्हेंबराच्या चौथ्या गुरुवारी तेथे कृतज्ञतेचा सण असतो. त्यास थँक्सगिव्हिंग म्हणतात. अध्यक्ष लिंकन ह्यांनी १८६३ साली तो साऱ्या राष्ट्राने पाळावा असे जाहीर केले, आणि गुरुवार नेमका कोणता हा वाद पुढे १९४१ साली कायद्याने मिटला. पीक घरात आल्यावर ईश्वराचे उपकार स्मरावे ही त्यातील मूळ कल्पना. आमच्या श्रौतग्रंथांतील आग्रयण किंवा घरोघरची नवान्न पौर्णिमा हिच्याहून ती फारशी निराळी नव्हे. मात्र कन्या सांगते की, त्या चार दिवसांत निम्मा देश रस्त्यावर असतो. मुले मोटारीच्या मागच्या आसनास पाच-पाच, सहा-सहा तास पट्ट्यांनी बांधलेली असतात, आणि जेथे कसेबसे पोहोचावे तेथून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा परतावे लागते. हे ऐकून आम्ही मान हलविली, व ‘काय हा छळ लेकरांचा!’ असे उद्गारही काढले. पुढे आम्ही स्वतः काय केले ते वाचकांनी पाहावे.

मुंबईस विमानातून उतरल्यावर पुढे कसे यावे ह्यावर बरीच चर्चा झाली. समृद्धी महामार्ग आता मुंबईपासून आमच्या जिल्ह्यातून थेट नागपुरास जातो. त्या वाटेने मोटारीने झटकन यावे असे चिरंजीवांचे मत. परंतु १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर ह्याच महामार्गावर सिंदखेड राजाजवळ एका बसला आग लागून २५ माणसे होरपळून गेली, हे आमच्या कुटुंबाच्या मनातून गेलेले नाही. मुले बरोबर असता रात्रीचा रस्ता घ्यावयाचा नाही, असा तिने त्या दिवसापासून दंडकच घातला आहे. बुलढाण्यास रेल्वे नाही. म्हणून रात्र रेल्वेत काढून मलकापुरास उतरावे व दिवसाउजेडी राजूर घाट चढून वर यावे, असे ठरले, आणि तसेच सर्व मंडळी सुखरूप आली.

देऊळघाट हे बुलढाण्याहून धाडकडे जाणाऱ्या वाटेवरचे, पैनगंगेच्या काठचे जुने गाव. पैनगंगा जवळच अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, त्यामुळे आमच्यापाशी ती अद्याप लहान आहे. पावसाळ्यात दोन दिवस धिंगाणा घालते आणि डिसेंबरात खडकांमधल्या डोहांतून हळूच पुढे सरकते. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांवरचा हा मुलूख, त्यामुळे थंडी चांगली पडते. पहाटे नदीवर धुके असते. न्याहारीच्या वेळेपर्यंत ऊन अंगणात येते.

न्यू जर्सीचे घड्याळ हिवाळ्यात आपल्याहून साडेदहा तास मागे असते. आमची नातवंडे पहिले तीन-चार दिवस पहाटे दोन-तीन वाजताच टक्क जागी होत. कन्या त्यांस पुन्हा निजविण्याच्या खटपटीत थकून जाई. शेवटी आजीनेच त्यांस उठवून परसदारी नेले, बंब पेटविला आणि गोधडीत गुंडाळून शेजारी बसविले. आठ वर्षांची नात काटक्या सारू लागली. अकरा वर्षांच्या नातवास मराठी कळते, पण बोलताना जीभ अडखळते. आजीस इंग्रजी ‘थँक्यू’पलीकडे येत नाही. तरी तास-तास दोघांचे काही चाललेले असे. आम्ही आतून खोकून ‘मुलांस झोपवा, उद्या लवकर निघावयाचे आहे’ असे बजावीत होतो. उत्तम प्रवास त्या बंबाशी चालला होता हे आमच्या ध्यानात आले नाही.

ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे शाळेचे वेळापत्रक आखले त्यांस सुट्टीचेही वेळापत्रक आखल्यावाचून चैन पडत नाही. मुले सात समुद्रांपलीकडून आली आहेत, पुन्हा केव्हा येतील कोण जाणे, तेव्हा जिल्ह्यातील पाहण्यासारखे सर्व एकदा त्यांच्या डोळ्यांखालून घालावे असा आमचा हेतू. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा ही तीन स्थळे एका दिवसात, व दुसऱ्या दिवशी शेगाव! तिसऱ्या दिवशी पहाटे पाचास आम्ही सर्वांस मोटारीत बसविले. तो दिवस अडीचशे किलोमीटरांहून अधिक फेऱ्याचा होता, ही बेरीज आम्ही नंतर केली.

चिखली ओलांडण्यापूर्वीच पुण्याच्या धाकट्यास वांती झाली. मोटार हाकणारा आमचाच एक जुना विद्यार्थी. तो म्हणाला, “गुरुजी, लेकराले खिडकीपाशी बसवा, आन् मोबाइल घ्या त्याच्या हातातून. उपाशीपोटी खाली पाह्यलं का गरगरतेच.” त्याचे म्हणणे खरे होते. निघण्याच्या घाईत मुलांनी नुसते दूध घेतले होते. पुढे कोरडी भाकरी, आवळ्याच्या फोडी व उघडी काच ह्यांनी बराच उतार पडला. मेहकरास १८८८ साली भूमीतून निघालेली शार्ङ्गधर बालाजीची ती भव्य कृष्णपाषाणाची मूर्ती धाकट्याने बापाच्या खांद्यावर निजल्या निजल्याच पाहिली, म्हणजे पाहिली नाही.

लोणारबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते वर्तुळाकार विवर काठावरून प्रथम दृष्टीस पडते तेव्हा बोलका मनुष्यही क्षणभर गप्प होतो. आकाशातून उल्का येऊन आदळली व दख्खनच्या काळ्या पाषाणात हा खड्डा पडला, ह्याविषयी आता शास्त्रज्ञांत शंका नाही. अशा पाषाणातील विवरे पृथ्वीवर फारच थोडी. त्याचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानीत. अलीकडच्या मोजणीने ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास भरते. तळाचे पाणी खारट व क्षारयुक्त, आणि वर काठाशी मात्र गोमुखातून गोड्या पाण्याची धार अखंड वाहते. २०२० च्या जून महिन्यात हे तळे एकाएकी गुलाबी झाले. पाणी आटून क्षार वाढला असता त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारची गणना रामसर करारातील पाणथळ स्थळांत झाली.

हे सर्व आम्ही नातवास विवराच्या काठावर उभे करून सांगितले. त्यानंतर पुराणातील कथाही सांगितली: लवणासुर येथे भुयारात दडून बसे, आणि विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्या भुयाराचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवून त्यास मारिले. मुलगा इतका वेळ खाली पाहत उभा होता. त्याने अडखळत विचारले, “आजोबा, वरून काही पडलं, का खालून काही उडालं?” प्रश्न मोठा मार्मिक होता. शास्त्र म्हणते वरून पडले, पुराण म्हणते खालचे उडाले. आणि उल्का पडली तेव्हा खालचा पाषाण उडालाच की! ह्यावर त्या पोराशी घटकाभर बसून बोलावयास हवे होते. आम्ही घड्याळ पाहिले व ‘मोटारीत सांगतो’ म्हणालो. मोटारीत तो झोपला.

सिंदखेड राजास पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. १५९८ च्या जानेवारीत जेथे जिजाऊंचा जन्म झाला त्या वाड्याच्या दारात नात रडू लागली. तिचे अंग तापले होते. लखुजीराव जाधवांच्या समाधीपुढे आम्ही एकटेच जाऊन आलो. परतताना अंधार झाला, म्हणजे घरच्या दंडकाचाही भंग झाला. त्या रात्री मोटारीत कोणी बोलले नाही.

घरी आल्यावर कन्या मुलीच्या उशाशी बसली होती. आम्ही दुसऱ्या दिवशीच्या शेगावविषयी काही बोलू लागलो तेव्हा ती हलकेच म्हणाली, “नाना, ही मुलं परीक्षेला नाही आलेली, आजोळी आली आहेत. पुढच्या वर्षी येऊ की नाही, तिकिटांचं काही सांगता येत नाही. त्यांना इथली आठवण राहील ती आजची राहावी का?” आम्हांस उत्तर सुचले नाही. भिंतीवर डकविलेले वेळापत्रक आम्ही सकाळ होण्यापूर्वी काढून ठेविले.

डॉक्टरांनी श्रम व थंडी ह्यांखेरीज काही नाही असे सांगितले, आणि दोन दिवसांत ताप उतरला. त्या दोन दिवसांत कोणीही कोठे गेले नाही. शेगावी मनोमन नमस्कार केला. तिसऱ्या दिवशी सर्वजण नदीपलीकडच्या शेतात हुरड्यास गेलो. अंतर मुलांच्या पायांनी अर्ध्या तासाचे. गोवऱ्यांच्या आरात कणसे खुपसावयाची, गरम गरम हातावर चोळावयाची, फुंकर मारून भुसकट उडवावयाचे, आणि तिळाच्या चटणीशी वा गुळाशी खावयाचे. धाकट्याने एकट्याने चार कणसे संपविली. मोटारीत ज्यास पाणीदेखील पचत नव्हते तो हा मुलगा! सकाळपासून कोणी कोणास ‘चला’ म्हणाले नव्हते.

परतताना नातू डोहाशी थांबला. हे पाणी कुठे जातं, असे त्याने विचारले. ह्या वेळी आम्ही खडकावर बसलो. पैनगंगा वर्धेस मिळते, वर्धा वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते, आणि गोदावरी पूर्वसमुद्रास; असे काठीने वाळूवर काढून दाखविले. त्यावर त्यास वाघाची गोष्टही सांगितली. पैनगंगेच्या खालच्या खोऱ्यात यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ साली घर सोडून निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळली. शेतांतून, रस्ते ओलांडून, तेलंगणात जाऊन येऊन तो डिसेंबरात बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तोवर त्याने तेराशे किलोमीटरांची मजल मारली होती. “एकटाच?” नातवाने विचारले. एकटाच. “आणि घाई नव्हती त्याला?” घाई कसली! कधी एका ठिकाणी राहावे, कधी वाटेने परत फिरावे. मुलाने बराच वेळ वाळूतली नदी पाहिली व तीत आपल्या बोटाने वाघाची वाट काढली. लोणारच्या काठावर अर्धवट राहिलेला प्रश्नही तेथेच निघाला, व अंधार पडेपर्यंत पुरला.

निघण्याच्या दिवशी आजीने तिळाच्या वड्या, भाजलेले शेंगदाणे व बाजरीच्या भाकऱ्या बांधून दिल्या. मलकापुरास पोहोचविण्यास आम्ही बरोबर गेलो. वेळ हाताशी भरपूर ठेविला होता. एवढे शहाणपण आले होते. राजूर घाटाच्या माथ्यावर मोटार थांबविण्यास सांगितले आणि मुलांस दाखविले की, पाठीमागे पडलेला पाऊस आपल्या पैनगंगेतून बंगालच्या उपसागरास जातो, व समोर घाटाखाली पडलेला नळगंगेतून पूर्णेस, पूर्णेतून तापीस व तापीतून सुरतेपाशी पश्चिमसमुद्रास मिळतो.

नातवाने पाण्याची बाटली मागून घेतली. अर्धे पाणी त्याने ह्या अंगास ओतले. उरलेले अर्धे घाटाकडे ओतणार तोच नातीने ते आपल्यास हवे म्हणून हात पुढे केला, आणि त्यावरून दोघांचे चांगलेच भांडण जुंपले, चक्क मराठीतून. गाडीस अद्याप दीड तास अवकाश होता. आम्ही मध्ये पडलो नाही.