ध चा मा

आई बंगळूरला आमच्याकडे राहायला आल्यापासून संध्याकाळी ती आणि माझी लेक मिळून टीव्ही बघतात. आईला इंग्रजी येत नाही, लेकीला विज्ञानकथांचं वेड. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेतला १९९१ सालचा ‘डार्मोक’ हा भाग बघायचा ठरला, तेव्हा संवाद मराठीत करून आईला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

या भागातल्या टामेरियन लोकांचा शब्द न् शब्द यानावरच्या भाषांतरयंत्राला कळतो, अर्थ मात्र कळत नाही. कारण ते बोलतात ते केवळ आपल्या जुन्या कथांचे दाखले देत. अपयश आलं, की शाका आणि कोसळलेल्या भिंती. काही द्यायचं असलं, की टेम्बा आणि त्याचे उघडे बाहू.

माझं घोडं टेम्बापाशीच अडलं. ‘टेम्बा, हात पसरून’ असं लिहिलं आणि दात्याचा भिकारी झाला. मराठीत हात पसरतो तो मागणारा. मग सुचलं : ‘कर्ण, कवचकुंडलं उतरवताना.’ काय चपखल बसलं! शाकाच्या जागी पानिपतही घातलं. पुन्हा वाचलं आणि लक्षात आलं, की आता प्रेक्षकाला सगळं आधीच कळतंय. मग बिचारा कॅप्टन पिकार्ड इतका का चाचपडतोय? सगळं खोडलं. ‘टेम्बा, बाहू फैलावून’ एवढंच ठेवलं.

रात्रीच्या थंडीत पिकार्डला शेकोटी पेटवता येत नाही. टामेरियन कप्तान डेथन जळतं लाकूड पुढे करून टेम्बाचं नाव घेतो. मी वाचायच्या आत आई म्हणाली, “घे म्हणतोय तो.”

दोन दिवसांनी माझा एक निरोप लेकीने उलटाच पोचवला. आई हसून म्हणाली, “केलास ना ध चा मा!”

लेक बघतच राहिली. तिला ध येतो, मा येतो. बंगळुरात वाढलेल्या तिला नारायणराव कुठून माहीत असणार? आमच्या घरातलं यंत्र तीच होती. आणि आजवर ती गोष्ट तिला न सांगणारा मी.

शेवटी डेथन जखमी होऊन मरणपंथाला लागतो, तेव्हा पिकार्ड त्याला गिल्गमेशची गोष्ट सांगतो. आमच्याकडे त्या रात्री आईने शनिवारवाड्यापासून सुरुवात केली. १७७३ साल, गारदी, राघोबादादांचं पत्र, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं अशी दंतकथा. लेकीने तीनदा विचारलं, “पण काकांना नक्की काय हवं होतं?” आजीला तिन्ही वेळा सांगता आलं नाही.

परवा माझी जुनी वही तिच्या हाती लागली. खोडलेल्या कर्णावर बोट ठेवून ती म्हणाली, “बाबा, हा तुझा ध चा मा.”