पंचगंगेच्या गावात नवी गाडी

कोल्हापुरात नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात पेट्रोलपेक्षा सल्लेच जास्त मिळतात. कुणी म्हणते सीटवरचे प्लास्टिक वर्षभर काढू नका, कुणी म्हणते बोनेटवर काळी बाहुली बांधा, कुणी कोटिंगवाल्याचा नंबर देते. आम्ही 2024 च्या मे महिन्यात गाडी घेतली तेव्हा हे सगळे ऐकले. शिक्षकाच्या पगारातून आणि सात वर्षांच्या भिशीतून, बँकेचे व्याज न देता घेतलेली ती गाडी. साहजिकच तिला जपायचे होते. पण जपायचे म्हणजे नेमके कशापासून, याचा विचार गावागावात वेगळा करावा लागतो असे आमचे मत झाले आहे.

गाडी दारात आली त्या दिवशी अम्मींनी सदका काढला आणि सवारीची दुआ पढली. शेजारच्या आजींनी हळदी-कुंकवाचे ताट आणून गाडीला ओवाळले. चाकाखाली लिंबू ठेवू का, असेही विचारले. अम्मी म्हणाल्या, "लिंबू सरबताला द्या आजी, उन्हाचं." दोघी हसल्या. धाकट्याने मात्र आरशाला एक मोठी तसबीह लटकवली होती, ती आम्ही त्याच दिवशी काढून हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवली. चालवणाऱ्याच्या नजरेसमोर झुलणारी कोणतीही वस्तू, मग ती कितीही पाक असो, वळणावरचा सायकलवाला झाकते.

शोरूममध्ये कोटिंगचा आग्रह झाला. गाडीच्या रंगावर एक थर, खालून दुसरा, आतल्या सीटवर तिसरा. किंमत ऐकून आम्ही उठलोच. रंगाची चमक टिकवायला स्वच्छ पाणी, मऊ फडके आणि सावली पुरते. गाडीवर झाकण टाकायचे तर आधी धूळ धुवावी लागते, नाहीतर वाऱ्याने झाकण हलते आणि तीच धूळ रंगाला घासते. पावसाळ्यात ओल्या झाकणाखाली ओल कोंडते ती वेगळीच. प्लास्टिक आम्ही पहिल्याच आठवड्यात काढले. मे महिन्यात त्यावर बसून पाठीला घाम येतो, आणि सात वर्षे पैसे साठवले ते प्लास्टिकवर बसायला नव्हे.

खरा धडा मिळाला उद्यमनगरात. शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरच्या हातांची शाळा. लेथ, फाउंड्री, इंजिनाचे सुटे भाग यांच्या आवाजात इथल्या कित्येक पिढ्या मोठ्या झाल्या. तिथले एक म्हातारे मिस्त्री आमच्या ओळखीचे. त्यांनी नव्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि रंगाबद्दल एक अक्षर न बोलता विचारले, "घर कुठल्या भागात?" जयंती नाल्याच्या उतारावर, असे सांगितल्यावर म्हणाले, "मग सर, एवढंच ध्यानात ठेवा. पाण्यात गाडी बंद पडली, तर चावीला हात लावायचा न्हाई."

कारण त्यांनी समजावले ते असे. इंजिनात हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल आणि आपण स्टार्टर मारला, तर पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी ढकलून किंवा ओढून बाहेर काढायची, शक्य असेल तर बॅटरीची तार सोडवायची, आणि थेट मिस्त्रीकडे न्यायची. भिजल्यापेक्षा चावी फिरवल्याने जास्त इंजिने जातात, हे त्यांचे अनुभवाचे बोल.

बाहेरच्या वाचकांना पंचगंगेचा स्वभाव सांगायला हवा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचे पाणी घेऊन ती शहराच्या कुशीतून जाते. तिची उंची कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना "काय चाललंय?" असे न विचारता "किती फूट?" असे विचारतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ते उघडल्याची बातमी आली की पाणी शहरापर्यंत पोहोचायला काही तास मिळतात, आणि तेवढ्यात ज्याला जे हलवायचे ते तो हलवतो. नदी भरली की जयंती नाल्याचे पाणी पुढे जात नाही, उलटे मागे गल्लीत शिरते. म्हणजे नदी न दिसणाऱ्या घरातही नदी येते.

2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद होता, ट्रकांची रांग लागली होती, आणि त्याच पाण्यात 12 ऑगस्टला बकरी ईद आली. 2021 मध्ये ईद 21 जुलैला झाली आणि दोन-तीन दिवसांत पाणी आधीच्याही वर चढले. त्या दोन्ही वेळी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात उभ्या गाड्यांची नुसती टपे दिसत होती. आमच्याकडे तेव्हा जुनी दुचाकी होती, ती जिन्यावर चढवून ठेवली होती. मोटार जिन्यावर चढत नाही.

म्हणून विमा घेताना आम्ही कागद नीट वाचला. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे पुष्कळांना वाटते की तीन वर्षे काळजी नाही. पण तो दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो आणि दरसाल नवा करावा लागतो. त्यातही पुराने भिजलेली गाडी भरपाईत बसते, परंतु पाण्यात स्टार्टर मारून फुटलेले इंजिन बहुतेक वेळा बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. नदीकाठच्या माणसाने कोटिंगचे पैसे वाचवून ते इथे घालावेत. (विम्याच्या मसल्यात उलेमांची मते वेगवेगळी आहेत. थर्ड पार्टी कायद्यानेच सक्तीचा आहे, बाकीचे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे.)

मग जुलै आला. 2024 च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने 43 फूट ओलांडले. 39 झाले तेव्हापासूनच पुतण्याचे फोन सुरू झाले, "गाडी आधी काढा, सागरमाळला आणून लावा, मग बाकीचं बघा." सल्ला चुकीचा नव्हता. नवी गाडी, पहिला पावसाळा. पण गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसू लागले होते आणि रात्री साडेआठला रिक्षा मिळेना. अम्मींचे गुडघे चालत नाहीत. शेजारच्या आजींचा मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात. गाडी एकटी रिकामी वर नेऊन ठेवायची आणि माणसांनी भिजत चालत जायचे, हे आम्हाला पटले नाही.

पहिल्या फेरीत अम्मी, आजी, आजींचे औषधाचे डबे आणि पिशवीत गुंडाळलेले देव गेले. दुसऱ्या फेरीत पलीकडच्या घरातले चौघे आणि खुराड्यासकट पाच कोंबड्या. आजी सीटवर बसायला तयार नव्हत्या. साडी चिखलाने भरली होती. म्हणाल्या, "सर, नवी गाडी हाय, खाली बसते मी." अम्मींनी त्यांचा हात धरून शेजारी बसवले. तिसऱ्या फेरीला आम्ही गेलो नाही. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आले होते, आणि मिस्त्रींनी सांगितलेली हद्द तीच होती. उरलेली माणसे गल्लीतल्या पोरांनी ट्रॅक्टरवर आणली.

पूर ओसरल्यावर चारी दारे उघडी टाकून दोन दिवस गाडी वाळवली. पायपुसणी काढून धुतली, खालच्या गालिच्यावर वर्तमानपत्रे अंथरून ती दर तासाला बदलली. कोंबड्यांचा वास जायला मात्र आठवडा लागला. मागच्या सीटवर चिखलाचा एक डाग राहिला आहे. धाकटा त्याला "आजींची जागा" म्हणतो.

ऑक्टोबरात रस्ते कोरडे झाल्यावर आम्ही पन्हाळ्याला गेलो. अंतर जेमतेम वीस किलोमीटर. शिवाजी पूल ओलांडला की पुढे रेडेडोह लागतो. तो फुटला की पन्हाळ्याचा रस्ता पाण्याखाली जातो. त्या दिवशी तिथे हिरवा ऊस डोलत होता. वाघबिळापासून घाट सुरू होतो. नव्या चालकांसाठी इतकेच, की घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो त्याच गिअरमध्ये उतरावा. उतारावर सतत ब्रेक दाबला तर तो तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही.

पन्हाळ्याचे वैशिष्ट्य असे की गाडी थेट गडावर जाते, माणसे गडातच राहतात. एसटीची पायरी चढता येत नाही म्हणून अम्मी कित्येक वर्षांत इथे आल्या नव्हत्या. अंबरखान्याची धान्य कोठारे त्यांनी गाडीच्या काचेतून पाहिली. तीन दरवाजापाशी मात्र उतरल्या. तिथे दरवाजावर फारसी शिलालेख आहे, आदिलशाही काळातला. आमच्या शाळेत उर्दू शिकलेल्या थोरलीला त्यातली काही अक्षरे ओळखू आली, अर्थ लागला नाही. ती खूश, आम्हीही. शेजारच्या अंधारबावीत मुले उतरली, तोवर अम्मींनी सादोबा दर्ग्याला जाऊन फातिहा पढायचे ठरवून टाकले होते. तिथून कणीस खात परतलो. सीटवर दाणे सांडले.

त्याच महिन्यात दसरा होता. दसरा चौकात राजाराम महाराजांच्या काळातली जर्मन मेबॅक मोटार येते, ती बघायला गर्दी होते. शाहू महाराजांनी 1906 मध्ये सुरू केलेले मुस्लिम बोर्डिंग याच चौकात आहे. आम्ही तिथूनच ती मोटार पाहिली. धाकट्याने विचारले, ही इतकी जुनी असून चालते कशी? शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "बाहेर काढत्यात म्हणून."

आता गळीत हंगाम सुरू होईल. रात्री महामार्गावर दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या दिसतील, तेव्हा मगरिबनंतर लांबचा प्रवास नको असे घरात ठरले आहे. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून मिस्त्रींनी बोनेटखाली पाल्या तंबाखूची पुडी ठेवायला सांगितली आहे, आणि ती निपाणीचीच हवी असा त्यांचा हट्ट आहे. येत्या रविवारी निपाणीला जायचे आहे. आजींनी आत्ताच सांगून ठेवले आहे की त्यांची बहीण तिथेच असते.