आमच्या टबातलं कुमुद

मुलांनो, गोरेगाव स्टेशनला पूर्वेकडे उतरून आरे कॉलनीची वाट धरलीत की थोड्याच वेळात इमारती मागे पडतात आणि झाडी सुरू होते. मुंबईला चांगलं दूध मिळावं म्हणून १९४९ साली ही वसाहत उभारली आणि म्हशींचे गोठे इथे आणले. इथेच ‘छोटा काश्मीर’ नावाची बाग आहे आणि बागेत तळं. तुमच्या आजी-आजोबांना विचारून पाहा, लहानपणी ते या तळ्यात होडीत बसले असतील.

गेल्या वर्षी जूनमध्ये चौथीच्या मुलांना घेऊन मी तिथे गेले होते. परतताना एका रोपवाटिकेत पाण्याच्या टाकीत निळसर फुलं दिसली. “बाई, कमळ!” सगळे ओरडले. कमळ नव्हे बरं का, ते होतं कुमुद, म्हणजे वॉटर लिली. ओळखायचं पानावरून. कमळाचं पान थाळीसारखं अखंड गोल असतं आणि पुष्कळदा पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं राहतं. त्यावर पाणी टाका, थेंब पाऱ्यासारखे पळतात. कुमुदाचं पान पाण्यावर पसरतं आणि देठापर्यंत त्याला चीर असते. पाण्यावर पडून राहणाऱ्या या पानाची श्वास घ्यायची छिद्रंसुद्धा वरच्या बाजूला असतात!

“घेऊन जा, काटक आहे,” रोपवाटिकेतले काका म्हणाले. युरोपात काटक कुमुद म्हणजे वरचं पाणी गोठलं तरी चिखलातला कंद जिवंत राहतो ते. फ्रान्समधल्या लातूर-मार्लियाक यांनी अशा कुमुदांचे संकर करून गुलाबी, पिवळे, लाल रंग मिळवले आणि १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले. चित्रकार मोने यांनी ती आपल्या तळ्यात लावली आणि पुढे आयुष्यभर रंगवली. आपलं निळं कुमुद त्या बर्फात टिकणार नाही. इथे त्याची परीक्षा वेगळीच. ती कशी झाली ते सांगते.

शाळेच्या अंगणात, पाच-सहा तास ऊन येईल अशा जागी, आम्ही एक मोठा टब ठेवला. पसरट कुंडीत चिकण माती आणि थोडं जुनं शेणखत घातलं. आरेमध्ये शेणाला काय तोटा? त्यात कंद लावला, माती तरंगू नये म्हणून वर खडी पसरली आणि कुंडीवर वीतभर पाणी राहील अशी ती टबात सोडली. डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे आणले. (पालकांनो, मासे नसतील तर टब ठेवूच नका.)

चूक माझी झाली. जांभळी फुलं आवडली म्हणून जलपर्णीची दोन रोपंही मी त्याच टबात टाकली. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. हवा मानवली की दोन आठवड्यांत दुपटीने वाढते. ऑगस्ट संपेपर्यंत टब गच्च भरला, पाणी दिसेना. ऊन न मिळाल्याने कुमुदाचं एकच पान उरलं होतं, तेही पिवळं.

“बाई, ओढ्यात टाकून येऊ?” एकाने विचारलं. मी जवळजवळ ‘हो’ म्हणणार होते! पण आरेतले ओढे मिठी नदीला मिळतात. आणि जवळच्या पवई तलावातली जलपर्णी काढायला महापालिकेला यंत्रं लावावी लागतात, ती ही मुलं बसमधून बघतात. एकेक रोप उपसून आम्ही फरशीवर कडकडीत वाळवलं आणि खतखड्ड्यात पुरलं. गप्पी मासेही ओढ्यात सोडायचे नाहीत बरं का, तिथले मूळचे जीव त्यांच्यापुढे टिकत नाहीत.

टबात नुसतं पाणी उरलं. “मेलं का हो?” मुलं रोज विचारायची. मी कुंडी उचलून पाहिली, कंद दाबला. टणक होता. नवरात्राच्या सुमारास पाण्याखालून तांबूस, गुंडाळलेलं पान वर आलं. मग दुसरं. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली, त्या आठवड्यात कळी. निळं कुमुद सकाळी ऊन चढलं की उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. असं तीन-चार दिवस. नंतर देठ वाकतो आणि फळ पाण्याखाली पिकतं. कळी उमलली तेव्हा आमचा गणिताचा तास चालू होता. वर्ग रिकामा झाला, आणि मीही खडू हातात घेऊनच बाहेर गेले.