पायाळू

आठवा महिना लागला की पोटावरून हात फिरवायला एक म्हातारी घरी यायची. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तालुक्याच्या गावात बाळंत झालेल्या आम्हा बायकांपैकी अनेकींना अशी एखादी म्हातारी आठवत असेल. आमची ती सुईण होती, पण सुईण म्हणून तिला कुणी हाक मारत नसे. सगळ्या आळीची ती आजी. आल्यावर आधी चुलीपाशी हात शेकून घ्यायची, कारण गार हात लागला की पोट आखडतं. मग तळहाताला खोबरेल चोळून एक हात बरगड्यांखाली, दुसरा ओटीपोटावर, आणि डोळे मिटलेले. वरच्या हाताला काही कठीण, गोल, ढकललं की मागे सरून पुन्हा बोटांवर येणारं लागलं की म्हणायची, "डोकं वर आहे गं. बसलंय. फिरेल अजून."

माझ्या भाचीला हे गेल्या वर्षी छत्तिसाव्या आठवड्यात सोनोग्राफीच्या खोलीत कळलं. पडद्यावर डोकं बरगड्यांपाशी, ढुंगण खाली, पाय सरळ वर, पावलं कपाळाजवळ. रिपोर्टमध्ये एकच शब्द, 'ब्रीच'. आम्हाला कित्येकदा कळा सुरू झाल्यावरच कळायचं. तिला तीन आठवडे आधी कळलं. आमची भीती एका रात्रीची असे, तिची तीन आठवडे पुरली. पण त्या एका रात्री आमच्यापाशी कंदील, गरम पाणी आणि देवाचं नाव यापलीकडे फारसं काही नसे. तिच्या तीन आठवड्यांत भूलतज्ज्ञ ठरले, रक्ताची सोय झाली, बाळाचे डॉक्टर कोण असतील तेही ठरलं. यातलं मी कुठलं निवडीन, असं मला कुणी विचारलं तर उत्तर द्यायला क्षणही लागणार नाही.

आजीचं 'फिरेल अजून' बहुतेक वेळा खरं ठरायचं. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास चार-पाचांतलं एक बाळ डोकं वर करून असतं. दिवस भरेपर्यंत अशी शंभरात तीन-चारच उरतात. बाकीची आपसूक फिरतात. आजीला हे आकडे माहीत नव्हते, तिला तिच्या पोरी माहीत होत्या. तरी स्वस्थ बसू देत नसत आम्हाला. उकिडवं बसून केर काढ. जात्यावर चार मुठी दळ. कूस बदलताना आधी उठून बस, नाहीतर बाळाला नाळेचा वेढा पडेल. मी दळायला बसले की खुंट्याला दुसरा हात आईचा असायचा. तिचा जोर जास्त, माझा नुसता हात लागलेला. तीन आठवडे रोज सकाळी आम्ही दोघी तशा समोरासमोर बसलो. पीठ थोडंच निघे, बोलणं पुष्कळ होई. तिची दोन मुलं गेली होती, हे मला पहिल्यांदा त्या जात्यावर कळलं.

भाचीला फिजिओथेरपिस्टनं गुडघ्या-कोपरांवर ओणवं व्हायला सांगितलं, कमरेखाली उशा घेऊन पडायला सांगितलं. मैत्रिणींनी ओटीपोटाशी इअरफोन लावून गाणी ऐकवायला सांगितलं, म्हणजे आवाजाकडे बाळ डोकं वळवेल. यातल्या कशानं बाळ नक्की फिरतं, असा भक्कम पुरावा नाही, जात्याबद्दलही नव्हता. पण एक पाहिलं आणि मला भरून आलं. तिचा नवरा तिच्याशेजारी जमिनीवर ओणवा होऊन फरशी पुसत होता, तिला एकटीला करावं लागू नये म्हणून. आमच्या नवऱ्यांना मूल पायांकडून आलं हे बारशाला आल्यावर कळायचं. जातं गेल्याचं मला दुःख आहे, पण समोर बसणारं माणूस गेलं असं मी म्हणणार नाही. ते बदललं.

आजी कधीकधी बाळ फिरवायचीही. तेलाचे हात, एक डोक्यामागे, एक ढुंगणाखाली, आणि हळूहळू कोलांटी द्यावी तसं. जमलं तर घरात गूळ वाटत. जमलं नाही तर? आळीतल्या एका सुनेचं पोट असं चोळलं, दुसऱ्या दिवशी अंगावरून रक्त जायला लागलं, आणि संध्याकाळपर्यंत बाळाची हालचाल थांबली. वार सुटली असेल, हे आज कळतं. तेव्हा कुणी कुणाकडे बोट दाखवलं नाही. आजी पुढे महिनाभर कुणाच्या पोटाला हात लावेना, एवढं आठवतं.

भाचीच्या डॉक्टरांनी सदतिसाव्या आठवड्यात हेच सुचवलं, तेव्हा मी दचकले. तेच हात, तीच कोलांटी. फक्त आता आधी सोनोग्राफीनं वार कुठे आहे, पाणी किती आहे ते पाहिलेलं. गर्भाशय सैल पडावं म्हणून इंजेक्शन. बाळाच्या ठोक्यांची पट्टी आधी आणि नंतर. आणि काही बिघडलंच तर शेजारी ऑपरेशन थिएटर तयार. निम्म्याजणींच्या बाबतीत जमतं, पहिलटकरणींत त्याहून कमी, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी दाराशी उभी होते. डॉक्टरांनी दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम केले, मग पोटावर ठेवले. चाळीस वर्षांत त्या हातांभोवती किती काही उभं राहिलं! आजीभोवती त्यातलं थोडं जरी असतं, तर ते बाळ आज चाळिशी ओलांडलेलं असतं.

बाळ फिरलं नाही. अर्ध्यावर जायचं आणि परतायचं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी हात उचलले.

माझंही फिरलं नव्हतं. १९८१ च्या जूनमध्ये कळा सुरू झाल्या. आईनं घरातल्या ट्रंकांची कुलपं काढली, माझी वेणी सोडली, पदराची गाठसुद्धा राहू दिली नाही, आणि मग मला टांग्यात घालून गावातल्या लेडी डॉक्टरांकडे नेलं. तिथं भूल देणारं कुणी नव्हतं. सिझर करायचं तर जिल्ह्याचं गाव गाठायला हवं होतं, आणि तेवढा वेळ नव्हता. बाई नर्सला म्हणाल्या, "बेंबी दिसेपर्यंत बाळाला हात लावायचा नाही." ओढलं तर हात वर जातात, मान मागे कलते, डोकं अडकतं. मधे आलेली नाळ तर दाबलेलीच असते, त्यामुळे हातात मिनिटं मोजकी. तोवर त्या नुसत्या पाहत होत्या. मग खांदे सोडवले, आणि मानेवरची केसांची रेघ दिसेपर्यंत बाळाला त्याच्याच वजनानं लोंबू दिलं. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं. मला आठवतं ते एवढंच, की माझ्या गुडघ्यावर त्यांच्या आयाचा हात होता आणि मूल रडायला फार उशीर झाला.

असे हात आता शोधावे लागतात. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. मेरी हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला, २६ देशांतल्या, पोटात असंच डोकं वर असलेलं बाळ असणाऱ्या दोन हजारांवर स्त्रियांचा. नैसर्गिक प्रसूती ठरवलेल्या गटात बाळ दगावण्याचं किंवा गंभीर इजा होण्याचं प्रमाण शंभरात पाच, ठरवून केलेल्या सिझरच्या गटात दोनाहूनही कमी. जगभर सिझर हाच रिवाज झाला. पुढे त्यातल्या काही मुलांची दोन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा दोन गटांत फरक दिसला नाही. पण तोवर नवे डॉक्टर हे बाळंतपण न पाहताच शिकून बाहेर पडू लागले होते. हे ज्ञान काल-परवाचं नव्हतं. सुश्रुतसंहितेत ढुंगणाकडून आलेलं मूल वर सारून पाय सोडवायचे कसे ते सांगितलं आहे, आणि आडव्या मुलाला परिघ, म्हणजे दाराचा अडसर, असं नाव दिलं आहे. दार अडलेल्या बाईपाशी बसल्याखेरीज असं नाव सुचत नाही. ते हात नाहीसे होताना मला वाईट वाटतं. पण माझ्या भाचीवर त्यांची परीक्षा होऊ नये, असंही मला तितक्याच जोरानं वाटत होतं.

तिचं सिझर एकोणचाळिसाव्या आठवड्यात झालं. दुपट्यात मुलगी आणली तेव्हा तिचे पाय अजून वर, पावलं कानांशी. माझा मुलगाही आठवडाभर असाच होता. आई मालिश करताना त्याचे पाय रोज थोडे थोडे खाली आणायची, आणि शेवटी दोन्ही घोटे जुळवून घट्ट ओढायची, पाय सरळ व्हावेत म्हणून. भाचीला डॉक्टरांनी बजावलं, पाय ओढायचे नाहीत, घट्ट बांधायचे नाहीत, आणि सहा आठवड्यांनी खुब्यांची सोनोग्राफी. अशा बाळांचा, त्यातही मुलींचा, खुबा सैल असण्याची शक्यता जास्त. हे ऐकताना मला आमच्या आळीतली एक पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली, मुलगी आठवली. ती चालायला लागली तीच लंगडत. आम्ही म्हणत आलो, सटवाईनं लिहिलं. पहिल्या वर्षात कुणी तिचे खुबे पाहिले असते तर ती आमच्याबरोबर लंगडी खेळली असती.

पायाळू हा शब्द भाचीला ठाऊक नव्हता. माझा मुलगा लहानपणी त्याच नावानं ओळखला जायचा. कुणाच्या पाठीत उसण भरली की माणूस सकाळीच दारात येऊन पालथा पडे, आणि पाच वर्षांचं पोर डोळे चोळत त्याच्या कमरेवर हलकेच लाथ मारी. बदल्यात हातावर गूळ-शेंगदाणे. विहिरीची जागा पाहायला पाणाड्या आला की यालाही बोलावत. याच शब्दापायी आम्ही भ्यायलोही. पायाळू मुलाच्या डोळ्यांत अंजन घातलं की गुप्तधन दिसतं, असं मानणारी माणसं होती, म्हणून परगावी त्याचा जन्म कसा झाला ते कुणाला सांगायचं नाही, असा घरात नियम होता. शब्द जातोय तर त्याच्याबरोबर ते भयही जाऊ दे. पण म्हाताऱ्याच्या कमरेवर टेकलेलं ते इवलंसं पाऊल माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सिझरनं काढलेलं मूल पायाळू म्हणायचं की नाही, हे विचारायला आजी उरली नाही.

पायाळू माणसावर वीज पडते, हीसुद्धा एक समजूत. खोटी, हे मला पक्कं माहीत आहे. माझा मुलगा बंगळुरूला असतो, त्याची चाळिशी उलटली. तरी मृगाचा पहिला गडगडाट झाला की मी त्याला फोन करते आणि बाहेर आहेस की घरात, ते विचारते. यंदा आभाळ गरजलं तेव्हा मी भाचीकडे होते. तिनं मुलीला घेऊन गॅलरीचं दार उघडलं, पाऊस दाखवायला.

"आत घे गं तिला," मी म्हटलं.

"का गं मावशी?"

"गार वारा आहे," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.